विद्युत्-अग्रांचा नामकर्ता : मायकेल फॅरडे

पाण्याचे विद्युत्-विच्छेदन करण्याचे उपकरण शाळेच्या प्रयोगशाळेत तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पाण्यात थोडे आम्ल मिसळावे, धातूच्या दोन पट्ट्या त्यात बुडवाव्या, त्यांस विजेच्या घटमालेची दोन टोके जोडावी, की दोन्ही पट्ट्यांवर बारीक बुडबुडे उमटू लागतात. एका नळीत जो वायू साठतो तो दुसऱ्या नळीतील वायूच्या दुप्पट भरतो. दुप्पट भरणारा तो हायड्रोजन आणि दुसरा तो ऑक्सिजन, म्हणजे आपला प्राणवायू. त्या दोन पट्ट्यांना आपण विद्युत्-अग्रे अथवा इलेक्ट्रोड म्हणतो. गुरुजींनी सांगितले म्हणून हे नाव आपण वहीत उतरवून घेतो. परंतु ते कोणी दिले आणि ज्याने दिले तो मनुष्य कोणत्या घरातून आला होता, याचा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. ते नाव जगाच्या व्यवहारात आणणारा पुरुष एका लोहाराचा मुलगा होता. त्याचे शाळेतील शिक्षण वाचन, लेखन आणि जुजबी अंकगणित यांपलीकडे गेले नव्हते. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाचे ते चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहो.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. त्याचे वडील जेम्स फॅरडे हे इंग्लंडच्या उत्तरेकडील वेस्टमोरलंड परगण्यातून पोट भरण्यासाठी लंडनला आलेले लोहार होते. त्यांची प्रकृती तोळामासा असे. ऐरणीसमोर दिवसभर उभे राहणे त्यांना झेपत नसे आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मजुरी नाही, अशी घराची स्थिती होती. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ साली इंग्लंडात धान्याची भयंकर महागाई झाली, तेव्हा या कुटुंबाला सार्वजनिक मदतीवर गुजराण करावी लागली. नऊ-दहा वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो एक पाव त्याने आठवडाभर पुरवावयाचा असे. आमच्या गोव्यातील मुलांना सकाळी दाराशी येणारा पाव परिचयाचा आहे. तो एकच पाव सात दिवसांत वाटून खाण्याची कल्पना त्यांनी करून पाहावी.

तेराव्या वर्षी, म्हणजे १८०४ साली, मायकेल जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. भाड्याने दिलेली वर्तमानपत्रे घरोघर पोहोचवावयाची आणि वाचून झाली की परत आणावयाची, हे त्याचे काम. मुलगा प्रामाणिक व चुणचुणीत आहे हे पाहून पुढच्याच वर्षी रीबोने त्याला पुस्तकबांधणीच्या धंद्यात सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतले. त्याबद्दल उमेदवाराच्या पालकांनी रक्कम भरावी अशी त्या काळची चाल होती. पण रीबोने ती रक्कम घेतली नाही. या उदार मालकाचे उपकार विज्ञानावर किती आहेत हे पुढील हकिकतीवरून कळून येईल.

बांधणीसाठी येणारी पुस्तके मायकेल नुसती शिवीत नसे. ती तो वाचीत असे. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका' या ज्ञानकोशाचा एक खंड बांधावयास आला असता त्यातील विजेवरचा लेख त्याने वाचला. जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक त्याच्या हाती पडले. या दोन वाचनांनी त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. मात्र वाचले ते खरे मानून स्वस्थ बसावे हा त्याचा स्वभाव नव्हता. पुस्तकात लिहिलेला प्रयोग स्वतः करून पाहिल्यावाचून त्याचे समाधान होत नसे. खिशातील चार पैशांत बसेल तेवढे साहित्य आणून दुकानाच्या मागील खोलीत तो आपले प्रयोग करी. रीबो त्याला हटकीत नसे. उलट दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना आपल्या या उमेदवाराचे कौतुक सांगत असे.

येथे थोडे मागे जाऊन विजेच्या शास्त्रात काय घडत होते ते पाहिले पाहिजे. १८०० साली इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्यांची चळत रचून, प्रत्येक जोडीमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला तुकडा ठेवून, अखंड वाहणारी वीज मिळविली होती. ही वार्ता इंग्लंडात पोहोचताच त्याच वर्षीच्या मे महिन्यात निकोल्सन आणि कार्लाइल या दोघांनी अशा चळतीच्या तारा पाण्यात सोडल्या आणि पाण्यापासून हायड्रोजन निघताना पाहिला. त्यांच्या प्रयोगातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रथम त्यांनी पितळेच्या तारा वापरल्या. तेव्हा एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. पण दुसरी तार मात्र काळवंडून झिजू लागली, कारण तेथे निर्माण होणारा ऑक्सिजन पितळेलाच खाऊन टाकीत होता. पुढे त्यांनी प्लॅटिनमच्या तारा घेतल्या, तेव्हा दोन्हीकडून वायू मोकळे झाले. पाण्यात बुडवावयाची पट्टी कशाची असावी, हा प्रश्न अशा रीतीने पहिल्याच दिवसांत उपस्थित झाला, आणि तो आजतागायत संपलेला नाही.

१८१२ च्या उन्हाळ्यात एकवीस वर्षे पुरी न झालेल्या मायकेलनेही अशीच चळत बनविली. तांब्याऐवजी त्याने चक्क अर्ध्या पेनीची नाणी घेतली, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या चकत्या कापल्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागद घातले. या सात जोड्यांच्या चळतीने त्याने मॅग्नेशियमच्या एका क्षाराचे द्रावण विघटित करून दाखविले. विद्युत्-विच्छेदनाचा जो पुढे सूत्रकार व्हावयाचा होता, त्याचा हा श्रीगणेशा खिशातील चिल्लर नाण्यांवर झाला.

वडील १८१० साली निवर्तले होते. थोरला भाऊ रॉबर्ट लोहारकी करून घर सांभाळीत होता. शहरात टेटम नावाचे गृहस्थ संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने देत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग फी असे. मायकेलजवळ ती नसे. ती रॉबर्ट देई. भावाने घामाच्या पैशांतून काढून दिलेले हे शिलिंग विसरता कामा नये. पुढे रीबोच्या दुकानातील डान्स नावाच्या एका रसिक गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्रे डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या वेळी इंग्लंडातील रसायनशास्त्राचे अग्रणी होते. विजेच्या साहाय्याने त्यांनी १८०७ साली पोटॅशियम आणि सोडियम हे दोन धातू प्रथमच वेगळे करून दाखविले होते. मायकेलने ती व्याख्याने कान देऊन ऐकली, घरी येऊन सविस्तर टिपणे लिहिली, आकृत्या काढल्या आणि ती सर्व पाने स्वतःच्या हातांनी सुबक बांधून त्यांचे पुस्तक केले.

उमेदवारी संपली आणि मायकेल रोजंदारीचा कारागीर झाला. धंद्यात त्याचे मन रमेना. विज्ञानाच्या कामात कोठेही, झाडलोट करण्याचे काम मिळाले तरी चालेल, अशा आशेने त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. मोठ्या दारातून परत फिरण्याचा प्रसंग गरीब मुलांवर नेहमीच येतो. पण मायकेल खचला नाही. डिसेंबर १८१२ मध्ये त्याने आपले ते बांधलेले पुस्तक पत्रासह डेव्हींकडे पाठविले. डेव्हींनी भेटीस बोलाविले, सहानुभूती दाखविली; तथापि जागा नव्हती. दोन महिन्यांनी प्रयोगशाळेतील साहाय्यकाला मारामारीच्या प्रकरणी काढून टाकण्यात आले आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेल फॅरडे यांची त्या जागी नेमणूक झाली. आठवड्यास पंचवीस शिलिंग पगार, माळ्यावरच्या दोन खोल्या, सरपण आणि मेणबत्त्या, एवढी त्यांची प्राप्ती. ज्या संस्थेत ते या दिवशी शिरले ती त्यांनी जवळजवळ आयुष्यभर सोडली नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डेव्ही पतिपत्नी युरोपच्या प्रवासास निघाली आणि फॅरडे त्यांच्याबरोबर गेले. इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध चालू असताही नेपोलियनने डेव्हींना परवाना दिला होता. या दीड वर्षाच्या प्रवासात फॅरडे यांना पॅरिसमध्ये अँपिअर आणि मिलान येथे वृद्ध व्होल्टा यांचे दर्शन घडले. हेच त्यांचे विद्यापीठ होय. परंतु या विद्यापीठाची फी त्यांना मानहानीच्या रूपाने भरावी लागली. डेव्हींचा खासगी नोकर ऐन वेळी आला नाही, म्हणून त्याची कामे फॅरडे यांच्याकडे आली, आणि डेव्हींच्या पत्नी त्यांना नोकराप्रमाणेच वागवीत. सर्व सोडून घरी परतावे असेही त्यांच्या मनात येऊन गेले. तथापि शिकण्याची संधी हातची जाईल म्हणून त्यांनी तो कडू घोट गिळला.

परत आल्यावर फॅरडे यांचा उत्कर्ष हळूहळू होत गेला. १८२१ साली सारा बर्नार्ड या सुशील युवतीशी त्यांचा विवाह झाला. दोघेही एका लहानशा, साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची अनुयायी होती. त्याच वर्षी विजेच्या प्रवाहाने चुंबकाभोवती तार सतत फिरत राहते हे त्यांनी करून दाखविले. १८२३ साली त्यांनी क्लोरीन वायूचे द्रवात रूपांतर केले. परंतु या यशाबरोबरच गुरुशिष्यांत अंतर पडले. या शोधांचे श्रेय कोणाचे यावरून कुजबुज झाली, आणि रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून फॅरडे यांचे नाव पुढे आले तेव्हा स्वतः अध्यक्ष असलेल्या डेव्हींनी त्यास विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये ते निवडून आले. फॅरडे यांनी या गोष्टीचा डंका पिटला नाही. ज्यांनी आपणास दार उघडून दिले त्यांच्याविषयीचा आदर त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मनुष्याच्या मोठेपणाची खरी कसोटी अशाच प्रसंगी लागते, असे आम्हांस वाटते.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांच्या साहाय्याने त्यांनी विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज आपल्या घरांत जी वीज येते ती बहुतांशी याच तत्त्वावर निर्माण होते. हा शोध सर्वांस ठाऊक आहे. म्हणून तेथे न थांबता त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांकडे आपण वळू, कारण या लेखाचा खरा विषय तेथे आहे.

घर्षणाची वीज, घटमालेची वीज, चुंबकापासून मिळालेली वीज या सर्व एकच की भिन्न, असा वाद त्या वेळी चालू होता. त्या एकच आहेत हे दाखवावयाचे तर वीज मोजता आली पाहिजे. फॅरडे यांनी युक्ती योजिली ती अशी, की विजेने पाण्याचे जेवढे वायू होतील ते मोजनळीत धरावे आणि त्यांच्या आकारमानावरून किती वीज गेली ते ठरवावे. मापनाचे साधन म्हणजे प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या आणि अंश पाडलेली काचेची नळी. परंतु येथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. प्रवाह बंद केल्यावर नळीतील वायू तसाच ठेवला तर तो हळूहळू कमी होऊ लागे. नळी फुटलेली नाही, गळती नाही आणि तरी वायू नाहीसा होतो. ज्या मापावर सर्व भिस्त ठेवावयाची ते मापच खोटे ठरू लागले.

सामान्य मनुष्याने उपकरणास दोष देऊन नवी नळी आणली असती. फॅरडे यांनी मूळ काम बाजूस ठेवले आणि हा हरवलेला वायू कोठे जातो याचाच शोध आरंभिला. एकेक पट्टी वेगळी करून हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या मिश्रणात ठेवता असे दिसून आले, की जी पट्टी धन टोकास जोडलेली होती तिच्या सान्निध्यात हे दोन वायू पुन्हा एकत्र येऊन त्यांचे पाणी होते. कधी कधी हा संयोग इतक्या जोराने होई, की पट्टी तापून मिश्रणाचा भडका उडे. मग धन टोकाच्या विजेने त्या पट्टीत काही गुप्त शक्ती भरली काय? फॅरडे यांनी वीज मुळीच न लावता दुसरी पट्टी घेतली. ती तापविलेल्या दाहक पोटॅशने व नंतर उष्ण गंधकाम्लाने स्वच्छ केली, शुद्ध पाण्याने धुतली आणि मिश्रणात ठेवली. तिनेही तोच चमत्कार केला. म्हणजे शक्ती विजेची नव्हती, ती स्वच्छतेची होती. धन टोकास मुक्त होणाऱ्या ऑक्सिजनने आणि आम्लाने पट्टीवरील अदृश्य मळ निघून जात होता एवढेच. तीच पट्टी उघड्या हवेत राहिली की तिचा गुण उतरे. पाण्यात बुडवून ठेवली की तो टिके. कार्बन मोनॉक्साइड किंवा एथिलीन यांसारखे वायू मिश्रणात असले तर तो गुण दबून जाई.

प्लॅटिनमचा हा स्वभाव अगदीच अज्ञात होता असे नव्हे. डेव्हींनी १८१७ साली तापलेली प्लॅटिनमची तार ज्वालाग्राही वायूत ज्वालेवाचून तेजाळत राहते हे पाहिले होते आणि १८२३ साली जर्मनीतील डोबेरायनर यांनी स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून तो पेटविला होता. पण साध्या सपाट पट्टीलाही हे साधते, त्यासाठी तिचा पृष्ठभाग निर्मळ असला म्हणजे पुरे, आणि वायू त्या पृष्ठभागाशी निकट येऊन चिकटल्यामुळे हे घडते, हा विचार फॅरडे यांनी प्रयोगाने स्पष्ट केला. स्वतः न संपता दुसऱ्यांचा संयोग घडवून आणणाऱ्या अशा पदार्थांच्या क्रियेस स्वीडनचे बर्झीलियस यांनी १८३५ साली जे नाव दिले, त्यालाच आपण उत्प्रेरण म्हणतो. लग्न जुळविणारा मध्यस्थ जसा बोहल्यावर चढत नाही पण त्याच्यावाचून काम अडते, तसे हे उत्प्रेरकाचे कार्य आहे.

हरवलेल्या वायूचा पत्ता लागल्यावर फॅरडे यांनी आपले मापनयंत्र सुधारले. वायू पट्ट्यांना पुन्हा शिवणार नाहीत अशी रचना केली आणि मापन विश्वसनीय झाले. मग त्यांनी पट्ट्या लहान घेतल्या, मोठ्या घेतल्या. आम्ल कमी केले, वाढविले. घट एकामागे एक जोडले. एवढे फेरफार करूनही सारखी वीज गेली म्हणजे सारखाच वायू निघतो, हा त्यांचा पहिला नियम सिद्ध झाला. नंतर त्यांनी एकच प्रवाह पाण्यातून आणि वितळलेल्या क्षारांतून नेला. जेवढ्या विजेने १ ग्रॅम हायड्रोजन मिळतो तेवढ्याच विजेने ८ ग्रॅम ऑक्सिजन, सुमारे ५८ ग्रॅम कथील किंवा सुमारे १०४ ग्रॅम शिसे मिळते; म्हणजे रसायनशास्त्रज्ञांनी तराजूने काढलेले तुल्यभार आणि विजेने काढलेले तुल्यभार एकच. हा त्यांचा दुसरा नियम. जानेवारी १८३४ मध्ये हे संशोधन त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले.

नवे विचार जुन्या शब्दांत मावेनात. तोवर त्या पट्ट्यांना ध्रुव म्हणत, कारण त्या चुंबकाच्या ध्रुवाप्रमाणे पदार्थांना ओढून घेतात अशी समजूत होती. फॅरडे यांचे मत वेगळे होते. पट्टी ओढीत नाही. ती केवळ विजेच्या जाण्यायेण्याची वाट आहे. यास्तव त्यांनी विद्वान मित्रांचा सल्ला घेऊन ग्रीक भाषेतील 'वाट' या अर्थाच्या शब्दापासून इलेक्ट्रोड हे नाव घेतले. केंब्रिजचे पंडित विल्यम ह्यूवेल यांनी त्यांना वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट या अर्थांचे अॅनोड व कॅथोड हे शब्द सुचविले. सूर्याच्या उदयास्ताची कल्पना त्यांच्या मागे होती. द्रवातून जे कण प्रवास करतात त्यांना 'जाणारा' या अर्थी आयन हे नाव मिळाले. उत्तरायण, दक्षिणायन या आपल्या शब्दांतील 'अयन' म्हणजेही जाणे होय, आणि दोन्ही भाषांतील तो मूळ धातू एकच आहे. पुस्तकबांधणी करणाऱ्या या मनुष्याने ग्रीक शिकलेले नव्हते. जे आपणास येत नाही ते जाणत्याला विचारावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता या नियमांचे मर्म पाहू. १ ग्रॅम हायड्रोजनसाठी लागणारी वीज ठरलेली आहे. ती सुमारे २६.६ अँपिअर-तास होय. विद्युत्-अग्र सोन्याचे असो वा निकेलचे, त्यात सूट नाही. मग अग्राच्या रचनेने काय साधते? विजेचे परिमाण ठरलेले असले तरी ती ज्या दाबाने, म्हणजे व्होल्टने, ढकलावी लागते तो दाब ठरलेला नाही. पाणी विघटित करण्यास निदान १.२३ व्होल्ट दाब लागतो; परंतु प्रत्यक्षात कारखान्यांत तो १.८ ते २ व्होल्टपर्यंत जातो. हा जो वरचा दाब, तो अग्राच्या पृष्ठभागावरील अडथळा, द्रवाचा विरोध आणि बुडबुड्यांची गर्दी यांत खर्ची पडतो. २ व्होल्ट दाबाने १ किलोग्रॅम हायड्रोजनसाठी सुमारे ५३ युनिट वीज जाते, दाब १.८ वर आणला तर सुमारे ४८ युनिट पुरते. एका किलोमागे पाच युनिटांची बचत केवळ चांगल्या पृष्ठभागाने होते. ज्या पृष्ठभागाच्या गुणाने फॅरडे यांची मोजनळी खोटी ठरली होती, तोच गुण आज या उद्योगात मोलाचा ठरला आहे.

फॅरडे यांच्या उत्तरायुष्याकडे वळताना मन थोडे जड होते. अविश्रांत श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली. १८३९ च्या अखेरीपासून त्यांना भोवळ येऊ लागली आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. कित्येक वर्षे संशोधन जवळजवळ थांबले. परंतु प्रत्येक प्रयोग नोंदवून ठेवण्याची त्यांची सवय येथे कामी आली. त्यांच्या दैनंदिनीत क्रमांक घातलेले परिच्छेद सोळा हजारांहून अधिक आहेत. जे मन विसरे ते वही सांगे. प्रकृती सावरताच १८४५ साली चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्यांनी दाखविले. उच्च गणित त्यांना येत नव्हते; त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दिले.

मानमरातबाचा त्यांना मोह नव्हता. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले आणि सरदारकीचा मानही घेतला नाही. मुलांसाठी मात्र त्यांच्याजवळ वेळ असे. १८२६ च्या सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली, ती दुसऱ्या महायुद्धातील थोडा काळ वगळता आजही चालू आहेत. १८६० च्या नाताळात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, फॅरडे यांनी एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. ज्योतीतून पाणी कसे निघते हे दाखवून झाल्यावर त्यांनी तेच पाणी प्लॅटिनमच्या पट्ट्यांनी फोडून त्यातील हायड्रोजन मुलांसमोर वेगळा केला. महाराणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी, आपल्या खुर्चीत बसले असताना, त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. हायगेट येथील दफनभूमीत त्यांची साधी समाधी आहे.

त्यांनी सुरू केलेले काम मात्र चालूच आहे. भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यापासून हायड्रोजन काढून त्याचे खत करणारा कारखाना पंजाबात नांगल येथे १९६१ साली सुरू झाला होता. अशा अल्कली पद्धतीच्या घटांत निकेलची अग्रे वापरतात. निकेल व अॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूतील अॅल्युमिनियम दाहक द्रावणात विरघळवून टाकले, की मागे स्पंजासारखे सच्छिद्र निकेल उरते. त्याचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. पातळ पडद्याच्या नव्या घटांत हायड्रोजनच्या बाजूस प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूस इरिडियमचे ऑक्साइड लागते. ऑक्सिजनची बाजू अधिक अवघड, कारण तेथील क्रिया मंद असून बहुतेक धातू तेथे, निकोल्सन यांच्या पितळेप्रमाणे, झिजून जातात. इरिडियम तर इतके दुर्मीळ, की साऱ्या जगात वर्षाला ते दहा टनही निघत नाही. ते कमीत कमी कसे वापरता येईल, किंवा त्याऐवजी दुसरे काय चालेल, याचा शोध देशोदेशींच्या प्रयोगशाळांत चालू आहे. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली असून २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लक्ष टन हायड्रोजन निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आपल्या गोव्यातही हे शास्त्र परके नाही. फोंडा तालुक्यातील कुंडई येथे टायटॅनियमच्या पत्र्यांवर मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडांचा लेप देऊन विद्युत्-अग्रे बनविण्याचे काम होत आलेले आहे. फॅरडे यांनी रूढ केलेला शब्द आपल्या गावच्या कामगाराच्या तोंडी असा रोजच्या व्यवहाराचा होऊन बसला आहे.

विद्यार्थी मित्रहो, फॅरडे यांच्या चरित्रातून गरिबीचा महिमा गाण्याचा आमचा हेतू नाही. गरिबीने त्यांना काही दिले नाही. जे दिले ते भावाच्या शिलिंगाने, रीबोच्या औदार्याने आणि दुकानातील पुस्तकांनी दिले. यास्तव ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांनी ती ज्यांच्या घरी नाहीत त्यांना वाचावयास द्यावी, आणि ज्यांना ती मिळतील त्यांनी वाचलेले करून पाहावे. प्रयोगशाळेत उत्तर पुस्तकातील आकड्याशी जुळले नाही, तर तो आकडा खोडून पुस्तकातला लिहू नये. नळीतला वायू कोठे गेला, हे आधी शोधावे.